सर्जेरावांनी केलेलं पिठलं

सर्जेरावांचं हृदय कमजोर झालं, पाय सुजले, तसं शिरूरच्या डॉक्टरांनी त्यांचं मीठ तोडलं. केंदूरच्या त्या घरात तेव्हापासून अळणी कालवण शिजू लागलं. ताट पुढं आलं की सर्जेराव तोंड वाकडं करायचे. "गुरंबी खायाची न्हाईत हे," म्हणायचे. कधी बायकोला तिरकं बोलायचे, "तू मागनं ठेचा चापत असशील." साखरबाई मुकाट ऐकून घ्यायची. नवऱ्याचं आटोपल्यावर चुलीपाशी बसून ती काय खाते, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आपल्याकडं ते पाहायची पद्धतच नाही.

खरं तर तीही तेच अळणी खायची. मालकाच्या तोंडाला चव नाही आणि आपण चवीनं जेवायचं, हे तिला पटेना. वेड्या मायेला कोण समजावणार? गोळ्या द्यायच्या, पायांची सूज बघायची, रात्री उठून त्यांच्या पाठीशी उशी लावायची, वर कांद्याची खुरपणी. बाई वाळत चालली. मुलगा विक्रम कोरेगाव भीमाला राहून कंपनीत जायचा. फोन रोज करायचा, पण विचारायचा ते बापाचंच.

एका दुपारी ती कांद्यातच चक्कर येऊन पडली. बायांनी धरून घरी आणलं. नर्स सुषमा आली. तिनं दाब तपासला, खाण्यापिण्याचं विचारलं आणि चमकलीच.

"काकू, तुमचं मीठ कुणी बंद केलं?"

"कुणी न्हाई. ह्यांना चालत न्हाई, मग माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

"उन्हात एवढा घाम गाळताय. असंच चाललं तर आंथरूण धराल. मग आबांचं कोण करंल?"

पलीकडच्या खाटेवर सर्जेरावांनी सगळं ऐकलं. आपले टोमणे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी साखरबाई उठू लागली, तर त्यांनी हातानंच थांबवलं. स्वतः चुलीपाशी बसले, दम खात खात कांदा चिरला, पिठलं हाटलं. तरुणपणी तालमीत केलं असेल तेवढंच. चाखून बघायची सोय नव्हती, म्हणून मीठ अंदाजानं टाकलं. ताट तिच्यापुढं ठेवलं आणि समोर बसून राहिले.

"तुमच्या पुढ्यात मला न्हाई जेववणार," ती म्हणाली.

"माझी चव गेली ती गेली. तू गेलीस तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

तिनं घास घेतला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

"कसं झालंय?"

"चांगलं हाय."

"खरं सांग."

"खारट," ती म्हणाली. "लई खारट झालंय."

इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून निघालेली ही पहिली तक्रार. सर्जेराव हसायला लागले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. साखरबाई सवयीनं हातातला घास ताटात टाकून उठू लागली.

"बस," ते म्हणाले. "ठसका हाय नुसता. तू जेव आधी."

साखरबाई खाली बसली आणि पोटभर जेवली.