वीज खिशात आहे

साहेब दारात आले तेव्हा घरातली माणसं पोट धरून हसत होती.

तीन जिने चढताना साहेबांनी चेहरा चांगला लांब करून घेतला होता. दुःखाच्या घरी न्यायचा तो त्यांचा खास चेहरा. लिफ्ट कंपनीतल्या सगळ्यांना तो पाठ होता. आता तो कुठं ठेवावा हेच त्यांना कळेना. माणूस जाऊन पुरते तीन आठवडे झाले नव्हते आणि समोर त्याची सख्खी बहीण रुमालानं डोळे पुसत होती, तेही हसून हसून.

“या साहेब, बसा,” वहिनी म्हणाल्या. “रडायचं असलं तर जिन्यात रडून या. आत आज बंदी आहे.”

हा नियम वहिनींनीच काढला होता. येणारा प्रत्येक जण ‘देवमाणूस होता हो’ म्हणून चहा पिऊन जायचा, आणि ते ऐकून ऐकून त्यांचे कान किटले होते. त्यांचे यजमान मिस्त्री देवमाणूस वगैरे काही नव्हते. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. बोलायला तिरसट, झोपेत घोरणारा, चहा कोमट झाला की बशी आपटणारा. सव्वीस वर्षांत एकदाही देवमाणसाशी गाठ पडल्याचं वहिनींना आठवत नव्हतं. म्हणून या रविवारी सकाळी त्यांनी मोजकीच माणसं बोलावली आणि सांगितलं, खरं असेल तेच बोलायचं, हसू आलं तर हसायचं.

नणंद आली होती. मिस्त्रींचा बावीस वर्षांचा जोडीदार आला होता. त्याला सगळे ग्रीस म्हणत, कारण त्याच्या हातांचा तो रंग लग्नातसुद्धा निघाला नव्हता. सातव्या मजल्यावरच्या बाई आल्या होत्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या इमारतीची लिफ्ट मिस्त्रींकडे होती. आणि घरची मुलगी होती, कॉलेजातली, बापासारखीच तोंडाची फटकळ. साहेबांना कुणी बोलावलं नव्हतं.

“माझ्या लग्नाचं सांगत होते,” नणंद साहेबांना म्हणाली. “त्या दिवशी सकाळी दादा दवाखान्याची लिफ्ट दुरुस्त करायला गेला. काम झालं, लिफ्ट तपासायची तेवढी राहिली, आणि घरून निरोप गेला की मुलाकडची माणसं आली. हा तसाच धावत आला. फ्यूज खिशात! तिकडं सगळे डॉक्टर सहा मजले पायी चढतायत, आणि इकडं हा फोटोला उभा. खिसा हा एवढा फुगलेला. फोटोवाला म्हणतो, मामा, खिशातलं जरा काढून ठेवा…”

साहेब खुर्चीच्या कडेवर टेकले. “तुम्हीही सांगा ना साहेब, एखादी आठवण,” सातव्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या.

साहेबांनी घसा साफ केला. “फार शांत माणूस. आज्ञाधारक.”

ग्रीसला ठसका लागला. “बाबा?” मुलगी म्हणाली. “आज्ञाधारक?” आणि पुन्हा हशा उसळला. साहेबांनाही ओठ थोडे ताणावे लागले. मग त्यांनी मांडीवरची फाईल उघडली, एक कागद काढून चहाच्या कपांमध्ये ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

“एक सही हवी होती, वहिनी. उद्या लिफ्ट निरीक्षक येतायत. त्यांच्याकडे फाईल पूर्ण गेली की प्रकरण मिटलं. तुम्हालाही त्रास नको.”

वहिनींनी चष्मा शोधला, तो सापडेना. बाईंनी कागद उचलला आणि आयुष्यभराच्या सवयीनं खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. “‘सदर कामगार त्या दिवशी घरगुती वादामुळे मानसिक तणावाखाली होता. लक्ष विचलित असल्याने वीजपुरवठा न तोडता तो लिफ्टच्या खड्ड्यात उतरला. अपघात त्याच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला असून कुटुंबास हे मान्य आहे.’”

खोलीतलं हसू कुणी पुसून काढावं तसं गेलं.

“घरगुती वाद?” नणंदेनं विचारलं. “कसला वाद?”

वहिनींनी मान वर केली नाही. हे साहेबांना त्यांनीच सांगितलं होतं. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, रडता रडता, कुणाला काय सांगतोय याची शुद्ध नसताना. मिस्त्री गेले त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. पन्नाशी उलटली, आता खड्ड्यात उतरणं पुरे, गोदामातली बसायची नोकरी घ्या, असं त्या म्हणत होत्या. मिस्त्री म्हणत होते, मी काय पोतं आहे गोदामात बसायला? शब्दानं शब्द वाढला. त्यातच त्यांनी सदरा पुढं केला. खिशाचं बटण लोंबत होतं. वहिनींनी दातओठ खात ते शिवलं, दोरा सातआठदा गुंडाळला, दातांनी तोडला आणि सदरा त्यांच्या अंगावर फेकला. “घ्या. आता हत्तीनं ओढलं तरी निघणार नाही.” मिस्त्री काही न बोलता गेले. नवऱ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य हे, हत्तीचं.

तेव्हापासून वहिनींच्या मनात एकच किडा वळवळत होता. माणूस रागात गेला. रागाच्या भरात विसरला असेल. म्हणजे माझ्यामुळेच विसरला. दिवसा त्या हे कुणाला कळू देत नव्हत्या, आणि हसण्याचा नियमही खरं तर त्यासाठीच होता. आता तेच साहेबांनी टाईप करून आणलं होतं, खाली सहीची जागा सोडून.

त्यांनी पेन उचललं.

“थांबा वहिनी,” ग्रीस म्हणाला. तो उठून उभाच राहिला होता. “बाई, ते मधलं वाक्य परत वाचा.”

“‘वीजपुरवठा न तोडता.’”

“मिस्त्री? वीज न तोडता?” ग्रीसनं सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. “अहो, ज्या माणसानं बावीस वर्षं मला वात आणला त्या फ्यूजपायी! आधी फ्यूज काढायचा, खिशात घालायचा, बटण लावायचं. मग खड्ड्यात पाय. आम्ही किती चेष्टा केली. मी म्हणायचो, मिस्त्री, वर मी उभा आहे ना राखणीला? तर म्हणायचे, तुझ्यावर विश्वास आहे रे, पण तुला तंबाखूची तल्लफ आली तर?”

“घरी बल्ब बदलायचा असला तरी तेच,” मुलगी म्हणाली. “फायनलचं शेवटचं षटक चालू होतं. सगळा मजला आमच्याकडे मॅच बघायला. बाबांनी फ्यूज काढला, खिशात घातला आणि शांतपणे स्टुलावर चढले. लोक ओरडतायत, आणि हे खिशावर थाप मारून म्हणतात…”

“वीज खिशात आहे. काम संपल्यावर मिळेल,” नणंद म्हणाली.

“मलाही तेच म्हणाले होते,” बाई म्हणाल्या. “मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकले होते. अंधार, घाम, जीव नुसता टांगणीला. वरून यांचा आवाज आला. बाई, घाबरू नका, वीज माझ्या खिशात आहे. माझ्या परवानगीशिवाय तुम्हाला आता देवसुद्धा हलवणार नाही. आणि मग अर्धा तास त्यांनी मला पाढे म्हणायला लावले. मला! एकोणीसचा चुकले तर सुधारलं.”

कुणीच हसलं नाही, पण खोलीतली हवा बदलली. वहिनींच्या हातातलं पेन तसंच राहिलं.

“आठवणी ठीक आहेत,” साहेब म्हणाले. “पण कागद कागद असतो. फ्यूज जागेवर होता. अपघातानंतर फोटो काढलाय आम्ही.” त्यांनी फाईलमधून फोटो काढून दाखवला. पत्र्याची पेटी, तिच्यात चिनीमातीचे पांढरे फ्यूज ओळीनं बसवलेले. “हे बघा. सगळे जागच्या जागी.”

ग्रीसनं फोटो डोळ्यांजवळ नेला. “याच्यावर नंबर कुठाय?”

“कसला नंबर?”

“ताईंच्या लग्नाच्या त्या घोळानंतर मिस्त्रींनी प्रत्येक इमारतीच्या मुख्य फ्यूजवर नंबर घातला होता. चुकून घरी आला तर कुठला ते कळावं म्हणून. ही इमारत चौदा नंबर.”

“पुसला असेल.”

“नेलपॉलिश?” मुलगी आणि नणंद एकदमच बोलल्या.

आता वहिनींनी तोंड उघडलं. “माझी लाल बाटली होती, साहेब. आख्खी संपवली त्यांनी. मी आठ दिवस बोलत नव्हते.” मग त्या ग्रीसकडे वळल्या. “भावजी, दवाखान्यातून कपड्यांचं पुडकं तुम्ही आणलं होतं ना?”

“तुम्ही म्हणालात, नजरेसमोर नको. म्हणून कपाटावर ठेवलं.”

“काढा.”

ग्रीस स्टुलावर चढला आणि त्यानं ते खाली काढलं. तपकिरी कागद, वर दवाखान्याच्या शिक्क्याची चिठ्ठी: सदरा एक, पँट एक, पट्टा एक. हात लावायला कुणी पुढं झालं नाही. वहिनींनीच दोरी सोडली.

सदरा दवाखान्यात कात्रीनं मधोमध कापलेला होता. डाग वाळून काळे झाले होते. मुलगी तोंड फिरवून खिडकीकडं गेली. वहिनींनी सदरा मांडीवर उलगडला. खिसा डावीकडं, त्यांनीच खास खोल शिवलेला, वर झाकणाची पट्टी. पट्टीला बटण लावलेलं होतं. आणि खिसा जड होता.

बटण निघेना. दोरा सातआठदा गुंडाळलेला. शेवटी अंगठ्यानं रेटून त्यांनी ते काजातून बाहेर ढकललं आणि आत हात घातला. साबणाच्या वडीएवढा चिनीमातीचा तुकडा बाहेर आला. त्यावर लाल आकड्यांत चौदा. चारचं पोट मिस्त्री नेहमी काढायचे तसंच वाकडं.

“काखेत कळसा,” ग्रीस पुटपुटला आणि मटकन खाली बसला. “तीन आठवडे डोक्यावर होता आपल्या.”

“म्हणजे काय झालं?” बाईंनी विचारलं. “मला नीट समजावून सांगा.”

“म्हणजे मिस्त्रींनी वीज तोडली होती, बाई. फ्यूज खिशात घालून, बटण लावूनच ते उतरले. वर कुणाला तरी घाई झाली. पेटीत फ्यूज दिसेना म्हणून दुसरा बसवला आणि लिफ्ट चालू केली. खड्ड्यात माणूस आहे की नाही हे वाकून बघायची तसदीसुद्धा…” त्याचा हात गालाकडं गेला. “मी त्या दिवशी दाढ काढायला गेलो होतो, वहिनी. एक दाढ काढायला.”

“तुमचा काही दोष नाही, भावजी,” वहिनी म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी ग्रीसला सांगितलं, पण ऐकलं स्वतःच. विसरले नव्हते. रागावले होते, भांडले होते, एक शब्द न बोलता गेले होते, आणि तरी विसरले नव्हते. छातीवरचा दगड सरकला तेव्हा वहिनींना कळलं की तो किती मोठा होता.

साहेब आपल्या बुटांकडे बघत होते. त्यांना आधीपासून काय ठाऊक होतं आणि काय नव्हतं, ते बुटांनाच माहीत. मग ते उठले आणि त्यांनी हात पुढं केला. “तो द्या माझ्याकडे. कार्यालयात जमा करतो. कंपनीची वस्तू आहे ती.”

“आहेच ना,” वहिनी म्हणाल्या. “देणार. आमच्याकडं कुणाची वस्तू ठेवून घ्यायची पद्धत नाही.”

त्यांनी फ्यूज परत खिशात घातला, पट्टी ओढली, बटण लावलं. सही न झालेला कागद उचलून साहेबांच्या फाईलवर ठेवला आणि पेनही त्यावर ठेवलं.

“उद्या निरीक्षक येतील ना, मीच येते त्यांच्यासमोर. भावजी येतील, बाई येतील. हा सदरा असाच्या असा आणते. फ्यूज मिळेल तुम्हाला, साहेब. काम संपल्यावर.”

“वहिनी, विचार करा. कंपनीशी वाकडं घेऊन…”

“जरा जपून उतरा,” वहिनी म्हणाल्या. “आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.”

साहेब गेले. त्यांच्या बुटांचा आवाज तीन जिने खाली गेला. मग नणंदेचा बांध फुटला. तिनं रुमाल तोंडाशी धरला.

“ताई, नियम,” वहिनी म्हणाल्या. त्या उठल्या. सदऱ्याची नीट घडी केली, खिसा वर येईल अशी, आणि ती छातीशी धरून दाराकडं गेल्या. “आलेच,” म्हणाल्या आणि दार मागं ओढून घेतलं.

जिन्यातून काही ऐकू येत होतं, ते कुणी ऐकलं नाही. मुलीनं चहा पुन्हा उकळत ठेवला.

बऱ्याच वेळानं वहिनी आत आल्या. डोळे लाल होते, पण केस सारखे केलेले होते. त्या आपल्या जागी बसल्या, घडी मांडीवर ठेवली, अंगठा बटणावर.

“हं, ताई,” त्या म्हणाल्या, “मग फोटोवाल्याला ते काय म्हणाले?”