सावली की डाग

दर फेब्रुवारीत एका बुधवारी आम्ही एकमेकांच्या प्लाझ्मा टीव्हींची तपासणी करतो. सुरुवातीला सातजण होतो. दोघांचे टीव्ही गेले, एकाच्या बायकोने नवा पातळ टीव्ही आणून जुना रस्त्याच्या कडेला ठेवला, एक जण स्वतःच गेला. उरलो तिघं. आर्ने लेहतिनेन, ज्याने आमच्या सडबरी शहरात चाळीस वर्षं टीव्ही दुरुस्त केले. रोझेर थिबोदो, जो शाळेची बस चालवतो. आणि मी, ल्युसिल. वही माझ्याकडे असते.

तपासणीची रीत ठरलेली आहे. टीव्ही अर्धा तास चालवून गरम करायचा. मग आतल्या मेनूतून तो आजवर एकूण किती तास चालला ते वाचायचं. मग पडदाभर एकच रंग लावायचा, एकामागून एक: पांढरा, लाल, हिरवा, निळा, राखाडी. प्लाझ्मावर एकच चित्र फार वेळ हललं नाही तर तेवढा भाग झिजतो आणि चित्राचा ठसा मागे राहतो. दहा मिनिटं पडद्यावर मुंग्या लावल्या की जो ठसा पुसला जातो त्याला आम्ही सावली म्हणतो. जो जात नाही तो डाग.

रोझेरच्या टीव्हीवर कधीच डाग नव्हता. प्लाझ्मावर व्हिडिओ गेम खेळू नये, वर्षभरात पडदा खराब होतो, असं दुकानदार सांगायचे. रोझेर त्यावर बारा वर्षं खेळत होता. कॉफी ओतायला उठला तरी टीव्ही बंद करायचा. "यंत्र मरत नाही," तो म्हणायचा. "माणूस ते मारतो."

या वर्षी आम्ही त्याच्याकडे जमलो तेव्हा साडेबारा झाले होते. बाहेर उणे सव्वीस. बस अंगणात, इंजिन गारठू नये म्हणून विजेच्या तारेला जोडलेली. दोन वाजून दहा मिनिटांनी त्याला दुपारच्या फेरीवर निघायचं होतं.

"वहीत आधीच लिहून टाक, ल्युसिल," तो म्हणाला. "डाग नाही. तेवढाच वेळ वाचेल."

"दरवर्षी हेच म्हणतोस," आर्ने म्हणाला.

"आणि दरवर्षी खरं निघतं, म्हाताऱ्या."

पांढऱ्यावर काही दिसलं नाही. लाल लावला तेव्हा मधोमध काळपट अक्षरांच्या दोन ओळी दिसल्या. त्यांच्या खाली दोन चौकोन.

आर्ने चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून उभा राहिला. "हा खेळ संपल्याचा पडदा आहे. तुझा तो डोंगरातला शिकारी मेला की येतो तो. खाली विचारतात, पुन्हा खेळायचं का, हो की नाही."

"ख्रिसमसला एकदा चालू राहिला," रोझेर म्हणाला. "जिनेटच्या बहिणी आल्या होत्या. त्या चौघी एकदम बोलायला लागल्या की मी माझं नावही विसरतो."

"मागच्या वर्षी लाल साफ होता."

"तेच सांगतोय. ख्रिसमसला झालं."

"एका ख्रिसमसने या टीव्हीवर सावली पडते. एवढं काळं व्हायला शेकडो तास लागतात."

"मग सावलीच असेल."

आर्ने वळला. "शिकारी मेला की तू काय करतोस?"

"पुन्हा सुरू करतो."

"लगेच?"

"नाही, आधी त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावतो. लगेचच ना!"

"मग हे चित्र इथे इतका वेळ ठेवलं कोणी?"

घरात रोझेर आणि जिनेट, दोघंच. जिनेट रुग्णालयात दिवसपाळीला असते आणि तिने कधी कंट्रोलर हातात घेतलेला नाही. सकाळची फेरी आटोपून रोझेर अकरा ते एक खेळतो, हे आम्हाला माहीत होतं.

"डुलकी लागते कधीकधी," तो म्हणाला. "अठ्ठावन्न वर्षांचा आहे मी. साडेचारला उठतो. गुन्हा आहे का?"

"खेळता खेळता?"

"हो, खेळता खेळता."

"शेकडो तास झाले असतील तर तू वर्षभर खेळतच नव्हतास, रोझेर. बसून झोपत होतास."

"बसमध्ये वेगळं असतं. बेचाळीस पोरं मागे बोंबलत असतात. मेलेला माणूस उठून बसेल." मी हसले. आर्ने हसला नाही, मग मीही थांबले.

"गाडी चालवताना कधी लागली?"

"नाही." तो उभा राहिला. "लाव मुंग्या. दहा मिनिटं. ठसा गेला तर सावली, आणि मग तू तोंड बंद ठेवायचंस. आमच्या घरात अशा चौकशा करायला एक जिनेट पुरेशी आहे."

"आणि नाही गेला तर?"

"नाही गेला तर बोल."

आर्नेने मुंग्या लावल्या. एक वाजून वीस मिनिटं झाली होती. स्वयंपाकघरातला टायमर मी मांडीवर घेतला. रोझेर कोचावर रिमोट घेऊन बसला आणि बोलत राहिला. बॉयलरबद्दल बोलला. तो घोरतो म्हणून जिनेट आता वरच्या खोलीत झोपते, त्याबद्दल बोलला. मग बसच्या ब्रेककडे वळला. "थंडीत पहिल्या उतारावर ते जरा उशिरा धरतात," तो म्हणाला, "म्हणून मी आधीच..."

पुढचं आलं नाही. मला वाटलं, शब्द शोधतोय.

तो ताठ बसलेला होता. मान पडली नव्हती. डोळे अर्धे उघडे, अंगठा रिमोटच्या बटणावर. श्वास थांबला, बराच वेळ थांबला, मग घशातून आवाज काढत परत सुरू झाला. आर्नेने माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं. मी टायमर वाजण्याआधी बंद केला.

दहा मिनिटं झाल्यावर आर्नेने स्वतः उठून टीव्हीच्या बटणांवरून लाल रंग लावला. अक्षरं होती तशीच होती. आम्ही दोघांनी एकदाच तिकडे पाहिलं. त्यानंतर रोझेरकडेच बघत होतो.

एक सदतीसला त्याचा अंगठा हलला. "...पाय ठेवून तयार असतो," तो म्हणाला. मग पडद्याकडे बघून, "आँ? मुंग्या कुठे गेल्या? दहा मिनिटं तर होऊ दे."

"झाली," आर्ने म्हणाला.

"आत्ता तर लावलंस!"

आर्नेने भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. रोझेरने घड्याळ पाहिलं, मग माझ्या हातातला टायमर. "ल्युसिल, मी बोलत होतो ना?"

"मध्येच थांबलास," मी म्हणाले. "पंधरा मिनिटं."

तो उठला, दाराशी गेला, कोट चढवला. बूट घातले. खुंटीवरची बसची किल्ली घेतली. "हे तुम्ही दोघं कोणाला सांगणार नाही."

"मी नाही सांगणार," आर्ने म्हणाला. "तू सांगशील." तो दारात आडवा गेला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, रोझेरच्या निम्म्या वजनाचा. गेला असता तरी उपयोग नव्हता.

"आजची एक फेरी. उद्या डॉक्टरकडे जातो. जिनेटची शपथ."

रोझेर कडीवर हात ठेवून उभा राहिला. दाराच्या फटीतून थंडी आत येत होती.

"सोमवारी रेल्वे फाटकावर थांबलो होतो," तो दाराकडे बघतच म्हणाला. "शाळेच्या बसला नियमाने थांबावंच लागतं. दार उघडलं, आगगाडी येत नाही ना ऐकलं, एवढंच. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. लांबलचक. मला वाटलं, काय घाई आहे याला. मागच्या बाकावरची पोरं माझं नाव घेऊन ओरडत होती, हसत होती. दार उघडंच होतं. पुढच्या बाकावरच्या पोरीने टोपी कानावर ओढून घेतली होती. गारठली होती ती."

एक पन्नासला त्याने कोटाच्या खिशातून फोन काढला. बस डेपोतल्या बर्नडेटचा आवाज आम्हाला खोलीतही ऐकू येत होता.

"दुपारची फेरी दुसऱ्याला दे," तो म्हणाला.

"आत्ता सांगतोस? दुसरा आहे कुठे? डेनिस त्याची फेरी संपवून येईल, चाळीस मिनिटं उशीर. एवढ्या थंडीत पोरं कुठे ठेवू?"

"शाळेच्या आत ठेवायला सांग."

"आईबाप मला फोन करून खातील. झालंय काय तुला? आवाज तर ठणठणीत आहे."

"आजची नाही फक्त. उद्याचीही दे. पुढचं मी सांगेन."

"रोझेर, कारण लिहावं लागतं मला. सर्दी लिहू?"

तो दाराशेजारच्या बाकावर बसला.

"सर्दी नको लिहू. मला बसल्या बसल्या झोप लागते, आणि लागलेली कळत नाही."

मग बर्नडेट म्हणाली, "परत सांग."

त्याने परत सांगितलं. या वेळी सावकाश, तिला लिहून घेता येईल असं, आणि पुढे सोमवारचं फाटकही सांगितलं.