पोटरीतला पेटका

शिवणकारखान्यातले कटिंग मास्तर घरीही मास्तरच होते. बायको त्यांना मास्तर म्हणायची, आणि रागावली की 'अहो मास्तर'. त्यांच्या डोक्यात एकदा भूत शिरलं की ते काढणं कुणाच्या बापाला जमत नसे. या खेपेचं भूत होतं नुसतं मांस खाण्याचं. भात बंद, भाजी बंद, फळं बंद, चहातली साखर बंद आणि मग चहाच बंद. कित्येक वर्षं त्यांचं पोट फुगायचं, आणि यावर हाच उपाय असं कारखान्यात कुणीतरी मोबाइलवर दाखवलं होतं.

सुरुवातीला पोटाने चांगलाच सूड उगवला. मास्तरांनी एकदम चरबीचे तुकडे हाणले, तर दिवसभर संडास त्यांच्याच नावावर. घाबरून चरबी काढून टाकली, तर पोट रुसूनच बसलं. बायको हसून हसून दमली. मग चरबी थोडी थोडी वाढवत नेली तसं पोट ताळ्यावर आलं, फुगणं कमी झालं, आणि मास्तर कॉलर ताठ करून हिंडू लागले.

तिला मात्र एक गोष्ट खुपत होती. मास्तर आता सकाळी एकदाच जेवायचे, आणि संध्याकाळी त्यांना भूकच नसायची. दिवसभर ते कापायच्या टेबलाशी उभे, ती घरी त्याच कारखान्याच्या शर्टांना काज-बटणं करत बसलेली. दोघांना एकमेकांची तोंडं दिसायची ती संध्याकाळच्या जेवणाला. पूर्वी आपलं संपलं की मास्तर तिच्या ताटातला शेवटचा घास खुशाल उचलत आणि वर म्हणत, "तुझ्या ताटातलं जास्त चवदार असतं." ती रोज भांडायची आणि रोज तो घास बाजूला ठेवायची. आता तो तिचा तिलाच खावा लागे, आणि काही केल्या घशाखाली उतरत नसे. सांगणार तरी कुणाला? नवऱ्याचं पोट सुधारलं म्हणून रडते, असं लोकांनी वेड्यात काढलं असतं.

एका संध्याकाळी मास्तर खुर्चीत टेकले आणि ओरडलेच. "अगं, पाय! पाय धर माझा!"

पोटरीत पेटका आला होता. ती ताटावरून उठली, जमिनीवर बसली, त्यांच्या पायाची बोटं मागे ताणून धरली आणि दगडासारखी झालेली पोटरी दाबत राहिली. पेटका सुटेपर्यंत मास्तर बोलत होते. कुठलं कापड आलं, कुणी बाही उलटी कापली, मालक कसा तणतणला. पुढे रोज संध्याकाळी पेटका यायचा आणि रोज गप्पा व्हायच्या. तिला स्वतःची लाज वाटे, पण ती पेटक्याची वाट पाहू लागली.

मग मास्तरांना उठताना भोवळ यायला लागली, जिना चढताना छातीत धडधडायला लागलं. तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिने थोरल्या बहिणीला फोन लावला. बहीण इस्पितळात नर्स होती.

"मांस उकडतेस ते पाणी कुठे जातं?" ताईने विचारलं.

"मोरीत. वासाने मळमळतं गं मला."

"म्हणजे सगळे क्षार मोरीला पाजतेस! धान्य सोडलं की अंगातलं पाणी आणि मीठ भराभर बाहेर पडतं. ते परत नको का भरायला? पण आधी त्यांना डॉक्टरकडे ने. छातीतली धडधड अंगावर काढायची नसते."

डॉक्टरांनी रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला. क्षार कमी निघाले, बाकी सगळं ठीक होतं. त्यांनी मास्तरांना दोन खडे बोल सुनावले, औषध दिलं आणि मांसाचं पाणी मीठ घालून घ्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती मिठाचा चमचा हातात धरून पातेल्यापाशी उभी राहिली. हे मीठ पडलं की पेटका जाणार, आणि पेटक्याबरोबर तिची संध्याकाळ. क्षणभर हात अडला. मग तिने सांगितलेलं सगळं मीठ पाण्यात टाकलं आणि नीट ढवळलं.

पेटके थांबले. मास्तर संध्याकाळी खुर्चीत मोबाइल घेऊन बसत, ती भिंतीकडे तोंड करून जेवे. घर इतकं शांत वाटे की तिला रडू येई.

असेच काही दिवस गेले. एकदा ती शेवटच्या घासाशी आली असताना खुर्चीतून आवाज आला, "अगं, पेटका आला वाटतं."

ती धावली. पोटरीवर हात ठेवला आणि थबकली. नुसत्या स्पर्शाने कापडातला ताण ओळखणारी बोटं ती. त्यांना कोण फसवणार? पोटरी जुन्या धुतलेल्या चादरीसारखी मऊ होती. तिने वर पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते, आणि मोबाइल खिशात होता.

"खूप दुखतंय?"

"खूप."

"मीठच कमी पडलं असेल माझ्याकडून," ती म्हणाली आणि पोटरी दाबू लागली.

"असेल. तुझं जेवण राहिलं ना? ताट इकडेच आण."

तिने ताट आणून जमिनीवर ठेवलं. एक घास उरला होता. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, हात किंचित पुढे केला आणि मागे घेतला.

"तूच खा," ते म्हणाले. "आणि कसं झालंय ते सांग मला. सावकाश सांग."

एक हात त्यांच्या पोटरीवर तसाच ठेवून तिने तो घास तोंडात घातला, आणि सांगायला सुरुवात केली.