अकरा निनावी मतं

लेख काढून टाकण्याची पाटी दिसली आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रयोगशाळेत सगळेच तिला ताई म्हणत. सूक्ष्मदर्शकाच्या फोटोतल्या पेशी मोजणारं सॉफ्टवेअर तिने चार वर्षं सुट्ट्या जाळून लिहिलं होतं आणि जगाला फुकट देऊन टाकलं होतं. कुणा अनोळखी विद्यार्थिनीने त्यावर ऑनलाइन ज्ञानकोशात सात ओळींचा लेख लिहिला. त्या कामापुढे ताईचं नाव असलेली जगातली ती एकच जागा. आणि आता ‘कात्री’ या टोपणनावाचा एक संपादक म्हणत होता, "याबद्दल इतर कुणी काही लिहिलंय का? सात दिवसांत पुरावा द्या."

"कोण हा टिकोजीराव?" ताई जेवणाच्या खोलीत कडाडली. "जन्मात एक पेशी तरी मोजली असेल का यानं?"

"तू काळजीच सोड," प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, म्हणाले. "आम्ही आहोत ना!"

चहा होईस्तोवर, लेख ठेवायचा की काढायचा हे जिथे ठरतं त्या चर्चेच्या पानावर अकरा मतं पडली. ‘लेख ठेवा. अत्यंत उपयुक्त सॉफ्टवेअर.’ अकराही निनावी, अकराही एकाच इमारतीच्या इंटरनेटवरून, आणि चौघांनी तर वाक्यही तेच चिकटवलेलं. मदत करावी तर अशी! कात्रीने सगळी एका फटक्यात बाद केली आणि खाली लिहिलं: "इथे डोकी मोजत नाहीत, पुरावे बघतात. या प्रयोगशाळेचे नऊ शोधनिबंध वाचले. एकातही या सॉफ्टवेअरचं नाव नाही. वापरता, तर लिहीत का नाही?"

त्याला खोटं पाडायला ताईने निबंध उघडले. आजवर तिने त्यातले आकडे तपासले होते, बाकीचं कधी वाचलंच नव्हतं. ‘आम्ही संगणकाच्या साहाय्याने पेशी मोजल्या.’ नऊच्या नऊ निबंधांत हेच. आभारांत सूक्ष्मदर्शक विकणारी कंपनी होती, सरांची बायको होती, एसी दुरुस्त करणारासुद्धा होता. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथे तर गरज अजून सरलीही नव्हती. राग होता तेवढाच होता, फक्त आता त्याला खरा पत्ता सापडला.

"नऊ निबंध, सर. एकदाही नाव नाही?"

"अगं, घरच्या माणसाचे कसले आभार? तुला परकं करायचं का?"

"मग बायकोला का परकं केलंत?"

सर हसले. ती हसली नाही.

जागेवर येऊन तिने स्वतःच्या नावाने मत लिहिलं: "काढून टाका. हे सॉफ्टवेअर लिहिणारी मीच. ज्यांचे निबंध यावर उभे आहेत त्यांनीच याचं नाव घेतलं नाही, तर तुम्ही का घ्यावं?" खाली नऊही निबंधांचे दुवे जोडले.

सातव्या दिवशी लेख गेला. चर्चेचं पान मात्र ज्ञानकोश कधीच पुसत नाही. आता तिथे सॉफ्टवेअरचं नाव शोधलं की तेच समोर येतं, नऊ निबंधांसकट.

सर तरातरा आले. "घरातलं असं चव्हाट्यावर मांडतात?"

"मी निदान नावानिशी मांडलंय, सर," ताई म्हणाली.