‘सिरीयस’ म्हणायचं नाही

“मावशी, तुमीच लावा फोन. माह्या तोंडून निघत न्हाई,” असं म्हणत अमरसिंगने स्वतःचा मोबाइल माझ्या काउंटरवर ठेवला. सकाळचे साडेसात वाजले होते. दुकानाचं शटर मी नुकतंच वर केलं होतं आणि झेरॉक्सचं मशीन अजून गरम व्हायचं होतं.

“काय झालं रे?”

“आई गेली. सहाला.”

पारुबाई गेली! दर बाजाराला तांड्यावरून चालत यायची, माझ्या पायरीवर टोपली टेकवायची आणि “मंजुळा, पानी दे गं” म्हणून हुकूम सोडायची. कालच्या बाजारालासुद्धा आली होती.

“नीलमला कळवायचं हाय,” अमरसिंग म्हणाला. “तुमी निस्तं म्हणा, याडी सिरीयस हाय, निघ. बाकीचं आल्यावर पाहू.”

नीलम ही त्याची एकुलती मुलगी. संभाजीनगरला नर्सिंग शिकते. दोन वर्षांची असताना तिची आई वारली, तेव्हापासून पारुबाईनेच तिला वाढवलं. तांड्यात आईला याडी म्हणतात. नीलम आजीलाच याडी म्हणायची.

आता हातात मोबाइल असताना हा बाप्या माझ्याकडे कशाला आला, असं कोणालाही वाटेल. पण आखाडा बाळापुरात स्टँडसमोर पूर्वी आमचा एसटीडी बूथ होता. बूथ गेला, त्या जागी झेरॉक्स आणि रिचार्ज आलं, तरी लोकांची सवय गेली नाही. मरणाचा फोन मंजुळामावशीनेच करायचा. वीस-पंचवीस वर्षं मी तो करत आले, आणि प्रत्येक वेळी एकच शब्द बोलले. सिरीयस.

तसं इंग्रजी शब्दांशी माझं भांडण जुनंच आहे. माझा रुद्र पुण्याला असतो. एका वाक्यात दोनदा ‘बेसिकली’ म्हटल्याशिवाय त्याला आईशी बोलता येत नाही. ‘अ‍ॅक्च्युअली’ने सुरू झालेल्या वाक्यात पुढे काही खरं असेल, अशी आशा मी सोडून दिली आहे. आणि दुकानात येणारे! “मावशी, अर्जंट आहे, अर्जंट आहे,” म्हणून माझा जीव खातील आणि झेरॉक्स हातात पडली की समोरच्या टपरीवर तासभर चहा पीत बसतील. पण हे सगळे शब्द डासांसारखे. चावतात, आपण दोन शिव्या देतो, विसरून जातो.

सिरीयस तसा नाही. आमच्याकडे माणूस मेला तर फोनवर कोणी मेला म्हणत नाही. सिरीयस आहे, निघा, म्हणतात. वाटेत धक्का बसू नये म्हणून. रीतच पडली आहे. निम्मे लोक ऐकताक्षणी समजतात. उरलेले निम्मे आशा धरून गाडीत बसतात.

मी त्या दुसऱ्या निम्म्यांतली. सत्तावीस वर्षांपूर्वी मी माहेरी, वसमतला होते. शेजाऱ्यांकडे फोन आला, मालक सिरीयस आहेत, निघ. मी आलं घालून दूध उकळलं, थर्मासमध्ये भरलं आणि रुद्रला कडेवर घेऊन एसटीत बसले. वाटेत सगळा हिशेब लावला. नांदेडला न्यायचं, मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, औंढ्याच्या नागनाथाला अभिषेक बोलले. थर्मास लवंडू नये म्हणून दोन्ही पायांत घट्ट धरला होता. बाळापूरच्या स्टँडवर उतरले तर आमचा बूथ बंद, आणि अख्खा बाजार माझ्याकडे बघायचं टाळत होता. घरी गेले. तिरडी बांधून तयार होती. दूध अजून गरम होतं.

त्या दुधाचा मला अजून राग येतो. वाटभर मी मनात मेलेल्या माणसाशी दवाखान्याच्या गोष्टी बोलत होते आणि गाडीतल्या निम्म्या लोकांना ते माहीत होतं. आणि एवढं भोगून मी पुढे काय केलं? त्याच बूथवर बसून लोकांना तेच सांगितलं. समोरचा हात जोडायचा, “मावशी, सिरीयस म्हणा,” आणि मी म्हणायचे. किती जणांनी माझ्या शब्दावर दूध उकळलं असेल, देव जाणे.

“लावा ना मावशी,” अमरसिंग म्हणाला. “तिला उशीर झाला तर कसं? दिवस मावळायच्या आत सगळं उरकावं लागते.”

मी फोन लावला, स्पीकर चालू केला. दुसऱ्याच रिंगला नीलमने उचलला.

“बाबा?”

“मी मंजुळामावशी बोलते गं.”

ती बारीक आवाजात म्हणाली, “मावशी, तुमी काहून? याडी सिरीयस हाय का?”

अमरसिंगने मान हलवून मला खुणावलं, व्हय म्हणा. दाराशी रोजच्या खुर्चीवर पेपर वाचत बसलेले माणिकरावही मान हलवू लागले. एक ‘व्हय’ म्हटलं की झालं असतं. माझ्या डोळ्यांपुढे तो थर्मास आला.

“न्हाई बाई,” मी म्हणाले. “याडी गेली. सकाळी सहाला. चहा पिली आणि गेली. तकलीफ झाली न्हाई.”

पलीकडे काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पुन्हा लावला. स्विच ऑफ.

“काहून केलं मावशी असं?” अमरसिंग ओरडला. त्याने माझ्यापुढे आजवर आवाज चढवला नव्हता. “एकटं लेकरू हाय तिकडं! तिनं काही करून घेतलं म्हंजे?”

“अहो, काही रीतभात असते मंजुळाबाई,” माणिकराव पेपर घडी करत म्हणाले. “लोक येडे हायत का सिरीयस म्हणायला? माणसाला घरापर्यंत तर येऊ द्यावं.”

त्यांचं चूक तरी कुठे होतं? ती एकवीस वर्षांची पोर परक्या शहरात, आणि मी भडाभडा सांगून मोकळी झाले. माझ्या जुन्या दुखण्याचा हिशेब मी त्या लेकराच्या जिवावर चुकता केला की काय, असं वाटून मी तोच नंबर पुन्हापुन्हा लावत राहिले.

नऊ वाजले, दहा वाजले. अमरसिंग तांड्यावर जाऊन परत आला. फोन बंदच. माणसं जमली होती, नीलमसाठी सगळं खोळंबलं होतं. मी कोणाची कॉपी उलटी काढली, कोणाला पैसे जास्त परत दिले. अकराला मी नागनाथाला पुन्हा अभिषेक बोलले. मागचा केलाच नव्हता, तरी बोलले.

पाऊण वाजता अमरसिंगचा मोबाइल वाजला. त्याने तो माझ्या हातात दिला.

“मावशी, जिंतूरला हाय मी, गाडीत. सकाळी मोबाइल हातातून पडला, चालूच होईना. इथं थांब्यावर एका बाईचा घेतला.” नीलमचा आवाज बसला होता, पण बोलणं नीट होतं. “मावशी, याडीला शेवटचा चहा कोणी दिला?”

“तुझ्या बाबानं.”

“साखर घातली होती?”

मी अमरसिंगकडे पाहिलं. स्पीकर चालू होता. पारुबाईला साखरेचा आजार होता आणि नीलमने सुट्टीत येऊन घरातला साखरेचा डबा माळ्यावर टाकला होता, हे अख्ख्या तांड्याला माहीत होतं. अमरसिंगने खाली मान घातली.

“दोन चमचे घातली,” तो म्हणाला. “चार दिवसांपासून मागून राहिली होती. मीच दिली बाई. माह्यानं चुकलं असन.”

“न्हाई बाबा, दोन चमच्यांनी काही व्हत न्हाई,” ती म्हणाली. “बरं केलं. गोड पिऊन गेली.”

अमरसिंग माझ्या काउंटरवर डोकं टेकवून रडला. सकाळपासून तो रडला नव्हता. माणिकरावांनी पेपर बाजूला ठेवला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

पावणेचारला हिंगोलीची गाडी आली. मी स्टँडवर आधीच जाऊन उभी होते, अमरसिंगही मोटरसायकल घेऊन आला होता. नीलम उतरली. डोळे सुजलेले, पण तोंड धुतलेलं, केस घट्ट बांधलेले. तिच्या हातात फळांची पिशवी नव्हती की औषधाची पुडी नव्हती. कापडात गुंडाळलेलं एक गाठोडं तिने छातीशी धरलं होतं.

“हे काय गं?” मी विचारलं.

तिने गाठ थोडी सोडून दाखवली. आत आरसे टाचलेली लाल ओढणी होती, जुनी, हाताने भरलेली. “याडीच्या लग्नातली. हॉस्टेलला जाताना तिनं मला दिली. म्हणली, कोणाला सांगू नको, मी गेले की माह्या अंगावर घालजो. तोवर तुह्याजवळ राहू दे.” तिने गाठ पुन्हा बांधली. “पेटीच्या तळाला होती. तुमी सिरीयस म्हणला असता तर मी आहे तशी पळत आले असते मावशी. ही तिथंच राहिली असती.”

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

“रस्ताभर रडून घेतलं,” ती म्हणाली. “वॉर्डात आमाला ‘एक्सपायर झाले’ म्हणायला शिकवतात. मला ते आवडत न्हाई. चला बाबा.”

दोघं मोटरसायकलवरून गेली. मी दुकानात आले. वरच्या फळीवर, बूथच्या जुन्या पिवळ्या पाटीच्या मागे, थर्मास होता. सत्तावीस वर्षांत मी तो ना फेकला, ना वापरला. खाली काढला, तीन पाण्यांनी धुतला. मरणाच्या घरी चूल पेटत नाही, चहा बाहेरूनच न्यावा लागतो. दिवस कलल्यावर मी चहा टाकला, साखर सढळ हाताने घातली आणि शटर ओढून घेतलं. तेवढ्यात रुद्रचा फोन आला. “मम्मी, अ‍ॅक्च्युअली सकाळी मी...” “उद्या बोल,” म्हणाले आणि ठेवून दिला.

मी तांड्यावर पोचले तेव्हा माणसं नदीकडून परतली होती. बाया म्हणाल्या, पारुबाई ओढणीत नव्या नवरीवाणी दिसत होती. नीलम ओट्यावर एकटी बसली होती. मी थर्मास तिच्यापुढे ठेवला. तिने झाकणात चहा ओतला. अजून वाफ येत होती.

“आधी तुमी घ्या मावशी,” ती म्हणाली, आणि झाकण माझ्या हातात दिलं.