होडीतली सहावी जागा

शनिवारी सकाळी साडेसहाला आनंदीबाई कुबल दांडीच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या आणि त्यांचा दीर सत्यवान त्यांना होडीत घ्यायला तयार नव्हता.

होडी सत्यवानचीच. पूर्वी ती जाळी घेऊन जायची, अलीकडे पर्यटकांना गळाने मासे पकडायला नेते. एका फेरीत सहा जण. ओळखीचे असोत नसोत, प्रत्येकाने आपली जागा घ्यायची, आपला गळ टाकायचा, लागेल तो मासा आपला. त्या दिवशी पाच जागा कोल्हापूरच्या एका कुटुंबाने घेतल्या होत्या. सहावी जागा किनाऱ्यावरच्या टपरीत बसणाऱ्या किशोरीने ‘ए. कुबल’ या नावाने राखली होती. मुंबईचा कोणी गाववाला असेल, असं सत्यवानला वाटलं होतं.

“ह्या काय, वैनी?”

“पावती.”

“पावती दिसता माका. घराक जावा.”

“माझी जागा आसा ती. घराक कित्याक जाव?”

सत्यवानने आवाज खाली आणला. “घरच्या बायलमाणसान होडयेत पाय ठेवूचो नाय. तुमका म्हायत नाय?”

“आणि ह्या चेडू?” आनंदीबाईंनी होडीत बसलेल्या तन्वीकडे बोट दाखवलं. कोल्हापूरकरांची ती कॉलेजात जाणारी मुलगी लाइफ जॅकेटचा पट्टा अडकवत होती.

“ता पर्यटक.”

“म्हणजे पावती फाडली काय इटाळ जाता? मगे माझोव गेलो. बघ, शिक्कोव आसा.”

होडीवर काम करणारा मेल्रॉय हसला. सत्यवानने वळून पाहिल्यावर त्याने आमिषाच्या डब्यात डोकं घातलं.

आनंदीबाईंनी पस्तीसएक वर्षं मासे विकले. पहाटे याच किनाऱ्यावर लिलावात बोली लावायची, पाटी भरायची आणि एसटीने कसालचा बाजार गाठायचा. मागच्या वर्षी खांदा धरला, तेव्हापासून बाजारातल्या जागेवर त्यांची सून पूजा बसते. होडी पाण्यात लोटायला, वर ओढायला वाडीतले पुरुष यायचे. बायकांचं काम होडी रिकामी झाल्यावर सुरू व्हायचं. सत्यवान शाळेत होता तेव्हा त्या सून म्हणून या घरात आल्या. पहिल्या वर्षीच त्यांनी नवऱ्याला, हरिश्चंद्रला, एकदा समुद्रात न्यायला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, “तुका थय कोणाक मासे इकूचे आसत?” हरिश्चंद्र तीन वर्षांपूर्वी गेला, घरीच, तापाने. त्यानंतर त्यांनी कोणाला विचारलं नाही. या वेळीही विचारलं नव्हतं.

तन्वीच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं. “काय अडचण आहे का हो? ऊन व्हायच्या आत जायला पाहिजे म्हणाला होतात तुम्ही.”

सत्यवान त्यांना उत्तर देण्यासाठी वळला. तेवढ्यात आनंदीबाईंनी लुगड्याचा काष्टा वर खोचला, होडीच्या काठाला दोन्ही हात लावले आणि आत पाय टाकला. मेल्रॉयने त्यांचा दंड धरला नसता तर त्या पलीकडच्या बाजूला पडल्या असत्या.

होडी लोटायला सातआठ जण लागले होते. त्यांत वयाने मोठा भिकाजी. त्याने काठावरचा हात काढून घेतला. बाकीच्यांनीही काढला. पण होडी तोवर तरंगायला लागली होती.

“सत्यवान, बरा नाय केलंस,” भिकाजी म्हणाला.

“मी खंय काय केलंय?” सत्यवान म्हणाला आणि इंजिन सुरू केलं.

समुद्रातला किल्ला मागे पडला तशी आनंदीबाईंना मळमळायला लागली. पोट रिकामं ठेवलं तर त्रास होत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं, म्हणून चहासुद्धा घेतला नव्हता. तेच चुकलं. कोल्हापूरकर पोहे खाऊन आले होते आणि फोटो काढत होते. आनंदीबाई काठावर वाकून दोनदा ओकल्या.

“परत फिरवू?” सत्यवानने विचारलं. त्याच्या आवाजात थोडी आशा होती.

“तोंड धुतंय, थांब.”

“वैनी, अजून खडपाक पोचूक नाय आपण.”

“मगे इंजिन कित्याक हळू केलंस?”

तन्वीने पिशवीतून आल्याची वडी काढून दिली. “चघळत राहा, काकू. आणि लांब बघा, पाण्याकडे नको. मलाही गेल्या वेळी असंच झालं होतं.”

“तू आधीव इल्लंस?”

“तिसऱ्यांदा येतेय.”

आनंदीबाईंनी वडी गालात धरली आणि क्षितिजाकडे पाहत बसल्या. आपलं घर किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आणि ही घाटावरची पोर आपल्याला समुद्रात कसं बसायचं ते सांगते, याचा त्यांना राग आला. वडी मात्र त्यांनी थुंकली नाही.

समुद्राच्या तळाशी खडक असलेल्या जागी, ज्याला इथे खडप म्हणतात, सत्यवानने नांगर टाकला. मेल्रॉयने प्रत्येकाच्या हातात दोरीला शिशाचं वजन लावलेला रॉड दिला आणि गळाला कोळंबीचा तुकडा लावायला शिकवलं. मग तो आनंदीबाईंजवळ आला.

“काकी, शिसा तळाक लागला काय दोरी ढिली पडता. मगे रीळ फिरवन दोन हात वर घेवा आणि गप रवा. ओढ लागली काय आधी रॉड उचला, मगे फिरवा.”

“समाजला.”

ओढ लागली तेव्हा त्यांनी रॉड मांडीत दाबून धरला आणि दोन्ही हातांनी दोरी ओढायला सुरुवात केली. दोरी बोटात कापत गेली, ढिली पडली, आणि वर आला तो रिकामा गळ.

“काकी, ही बावडी नाय. कळशी खंय ओढतास?”

“शिरा पडो तुझ्या तोंडार. परत लाव.”

दुसऱ्यांदा त्यांची दोरी तन्वीच्या दोरीत गुंतली, तन्वीची तिच्या वडिलांच्या. गुंता सोडवण्यात बराच वेळ गेला. तन्वीच्या वडिलांनी आपली जागा बदलली. सत्यवान मागे सुकाणूपाशी बसून होता. त्याने एकदाही मदत केली नाही आणि एकदाही नजर हटवली नाही.

तिसऱ्यांदा आनंदीबाईंनी आधी रॉड उचलला. खांद्यातून कळ गेली. त्यांनी रीळ फिरवलं, थांबल्या, पुन्हा फिरवलं. पाण्यात आधी तपकिरी सावली दिसली, मग वीतभर लांबीचा गोबरो मासा होडीत येऊन आपटला.

त्यांनी तो ओल्या फडक्यात धरला. बाजारात गिऱ्हाइकाला मासा ताजा आहे हे पटवायला त्या कल्ला बोटाने उचलून आतला लाल रंग दाखवायच्या. हा कल्ला आपोआप उघडत होता, मिटत होता. त्यांनी बोट जवळ नेलं आणि तसंच धरून ठेवलं.

“लहान आहे, काकू,” तन्वी म्हणाली. “सोडून देऊया का?”

“तू तुझो सोड. हो माझो. आज कढयेत जातलो.”

सत्यवान मागून म्हणाला, “कल्ल्यात हात घालू नकात, वैनी. काटो लागतलो.” नांगर टाकल्यापासून तो बोलला ते एवढंच.

साडेअकराला होडी परत आली. कोल्हापूरकर आपापले मासे घेऊन उतरले. तन्वीने आनंदीबाईंचा माशासह फोटो काढला आणि ती सगळ्यांबरोबर गाडीकडे गेली.

दांडीवर होडी दोघाचौघांनी वर येत नाही. खाली ओंडके घालून आठदहा जणांनी एका दमात ओढावी लागते. त्यासाठी कोणाला बोलवावं लागत नाही. इंजिनचा आवाज आला की लोक उठतात, आज याची होडी, उद्या त्याची. शनिवारी भिकाजी आणि बाकीचे माडाखाली बसले होते. कोणी उठलं नाही.

सत्यवान त्यांच्याकडे गेला. आनंदीबाईही मागोमाग गेल्या, मासा हातात तसाच.

“होडी धुवन घे. नारळ दी,” भिकाजी म्हणाला. “आणि वैनीन सगळ्यांच्या समोर सांगूचा, चुकला म्हणान. परत जावचंय नाय म्हणान. मगे आमी हात लावतव.”

“चुकला काय ता सांगा,” आनंदीबाई म्हणाल्या.

“तुमका समाजता.”

“माका नाय समाजणा. त्या चेडवाक तीनदा नेल्यान तेवा होडी बुडली? तुमचे होडयेत मे म्हयन्यात पुण्याच्यो बायलो बसतत, त्यो खंय धुवन घेतास?”

“ती गिऱ्हाइका.”

“मगे मी कोण? तुमचे मासे मी इकलंय. माझ्या हातचे पैसे तुमका चलले.”

भिकाजीने विडी पेटवली. “तुझी वैनी आसा म्हणान सांगतंय, सत्यवान. होडी उद्या नांगराक ठेवशीत, परवा ठेवशीत. मगे वारो उठलो काय?”

“वैनी,” सत्यवान म्हणाला, “एक शबूद बोला आणि सोडा.”

“नाय.”

“माझो धंदो आसा.”

“म्हायत आसा माका. येत्या शनवारची जागाव घेतलंय मी.”

त्या होडीकडे चालू लागल्या. मासा त्यांनी आमिषाच्या रिकाम्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि होडीच्या काठाला हात लावला. मेल्रॉय आधीच ओंडका घेऊन पाण्यात उभा होता. सत्यवान थोडा वेळ माड आणि होडी यांच्यामध्ये थांबला. मग खाली आला.

“हय नको, वैनी. उजवे बाजून धरा. थय वाळू घट आसा.”

तिघांनी जोर लावला. होडी हातभर सरली. लाट आली आणि ती निम्मी मागे गेली. कसालहून आलेली पूजा वरच्या रस्त्यावरून हे पाहत होती. तिने पाटी कुंपणाजवळ ठेवली, पदर खोचला आणि काही न विचारता सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली. टपरीला कुलूप लावून किशोरीही आली.

आता बारा वाजून गेले आहेत. भरती वाढते आहे. होडी अर्धी वाळूवर, अर्धी पाण्यात आहे. माडाखालचे लोक बसून आहेत. त्यांच्यातला एक जण मघाशी उठून उभा राहिला. तो घरी निघालाय की खाली येतोय, हे अजून कळलेलं नाही.