खिळ्यावरचा नान

मी दोयरा बोलतोय, मार्गिलान शहरातल्या सोलिहाचा. पण माझ्यावर फार विसंबू नका. कातडं सैल पडलं की ऐकलेलं आणि नुसतं वाटलेलं यांची सरमिसळ होते. त्या दुपारी दुसरी पावलं मी खरंच ऐकली होती का?

माझी कड अक्रोडाची, आत लोखंडी कड्या. तुमच्या डफाचा मी दूरचा भाऊ. वाजवण्याआधी सोलिहा मला निखाऱ्यांवर शेकायची. मग मी ताठ व्हायचो आणि समोरचं अंगण तरंगू लागायचं.

तुर्सुनोय आणि होसियत या जावा. तुर्सुनोयचा मुलगा नुरमत सैन्यात निघाला, तेव्हा त्याने रीतीप्रमाणे नानचा एक घास चावून खाल्ला. उरलेला नान आईने फडक्यात बांधून खिळ्याला टांगला. परत आल्यावर तो त्यानेच संपवायचा. वसंतातल्या साफसफाईत होसियतच्या हाती ते गाठोडं लागलं. नान कुणाचा, हे तिच्या ध्यानात आलं नाही. अन्न टाकवेना, म्हणून तिने तो रश्श्यात कुस्करला. सगळ्यांनी खाल्ला. आईनेसुद्धा.

नुरमत परतला नाही.

तेव्हापासून होसियतने तोंड उघडलं की तुर्सुनोय उठून जायची.

होसियतच्या नातीच्या लग्नात जर्दाळू फुलले होते. बायकांची मैफल बसली होती. होसियत सोलिहाजवळ आली.

"आपा, हळू वाजव. मला नाचायचंय."

"या वयात? माझ्या कड्यांपेक्षा तुझे गुडघेच जास्त वाजतील! आणि हसू नकोस, पुढचा दात पडलाय तो दिसेल."

"दिसू दे. आज तोंडाने बोलायचंच नाही मला. बोलले की ती जाते."

सोलिहाने बोटांच्या टोकांनी सुरुवात केली. होसियतचे हात हवेतच कणीक मळू लागले. तिने नान थापला, वाकून तंदूरमध्ये लावला, काढला, ओठांशी नेला, मग उंच खिळ्याला टांगला. टाळ्या पडत होत्या. मग तेच हात वर गेले, त्यांनी तो खाली उतरवला, ते कुस्करू लागले आणि मधेच थांबले. टाळ्याही थांबल्या. रिकामे तळवे पुढे धरून ती तुर्सुनोयसमोर वाकली.

नाचणारी समोर वाकली की आपण उठून तिच्याबरोबर नाचायचं, ही आमच्याकडची रीत. तुर्सुनोय बसूनच राहिली.

"अगं, ऊठ ना!" कुणीतरी कुजबुजलं.

"गुडघे धरलेत माझे," ती म्हणाली.

सोलिहा थांबली नाही. माझी ऊब उतरत चालली होती. तिची ओढणी घसरून माझ्यावर पडली आणि मला सगळं पांढरं दिसू लागलं, फुलांच्या आत शिरल्यासारखं. तेवढ्यात जमिनीतून आणखी दोन पावलं आली. जड, अडखळणारी. निदान मला तसं वाटलं. सोलिहा डोळे मिटून वाजवायची. तिला काय विचारणार?

पुढे सोलिहा गेली. तुर्सुनोयने मला मागून घेतलं. आता तिच्या भिंतीवर आहे; कातडं कडेला फाटलंय. मला शेकू नका, ते सोसणार नाही. पण अंगणात कुणी नाचलं, तर दार तेवढं उघडं ठेवा.

मी इथे आलो, त्याच्या आदल्या दिवशी होसियतला शस्त्रक्रियेसाठी ताश्कंदला नेलं होतं. माझ्या शेजारच्या खिळ्याला एक नान टांगलेला आहे, फडक्याशिवाय. चावा कडेला आहे आणि त्याच्या मधोमध एका दाताएवढी पट्टी न तुटता राहिली आहे.